तावदानाचा अधिकार

लंडन शहराच्या जुन्या वस्त्यांमधून हिंडणाऱ्या माणसाला तेथील घरांच्या ज्या एका अवयवाची ओळख सर्वांआधी होते तो म्हणजे त्यांची खिडकी. आणि ही खिडकी आपल्याकडील खिडकीप्रमाणे बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या दोन झडपांची नसून, एकापुढे एक बसवलेल्या आणि चौकटीच्या खाचेतून वरखाली सरकणाऱ्या दोन तावदानांची असते, हे ध्यानात येण्यास फार वेळ लागत नाही. इंग्रज तिला सॅश खिडकी म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६६६ च्या प्रलयंकर आगीनंतर शहराची पुनर्रचना चालू असलेल्या पिढीत, ती तिकडे रूढ झाली. १७०९ च्या कायद्याने तिची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घेण्याचा हुकूम सुटला, १७७४ च्या कायद्याने ती विटांच्या आड जवळजवळ संपूर्ण लपवावी असे मुकरर झाले, आणि या दोन्ही हुकुमांच्या मुळाशी आगीची धास्ती होती. १६९६ पासून १८५१ पर्यंत सरकार खिडक्या मोजून कर घेत असे, आणि तो चुकवण्यासाठी विटांनी बुजवलेल्या खिडक्या अद्यापही तेथील भिंतींवर आंधळ्या डोळ्यांसारख्या दिसतात. पण या इतिहासात मला अधिक शिरावयाचे नाही. या खिडकीचे जे अंग बाहेरून मुळीच दिसत नाही त्याच्याविषयी मला लिहावयाचे आहे, कारण त्या अंगाची दुरुस्ती पाहता पाहता आपल्या शास्त्रांतील अधिकारभेदाचा जुना आणि कडवट झालेला वाद मला पुन्हा पहिल्यापासून तपासून पाहावासा वाटला.

काचेचे तावदान जड असते; वर उचलून हात सोडला तर ते खाली येणार, आणि खाली कोणाची बोटे असली तर त्यांची गय करणार नाही. म्हणून जुन्या सुतारांनी चौकटीच्या दोन्ही बाजूंस पोकळ पेट्या ठेवून त्यांत ओतीव लोखंडाची किंवा शिशाची लांबट वजने सुती दोरीने कप्पीवरून टांगली, आणि तावदान जितक्या जोराने खाली ओढते तितक्याच जोराने ती वजने त्यास वर ओढतील अशी तजवीज केली. ‘तितक्याच’ हा शब्द मी ढोबळपणे वापरला. प्रत्यक्षात वरच्या तावदानाची वजने त्याच्याहून किंचित जड ठेवीत आणि खालच्याची किंचित हलकी, म्हणजे वरचे तावदान आपसूक वर टेकून राहावे आणि खालचे आपसूक उंबऱ्याशी मिटून राहावे. दोघांना एकाच मापाचा न्याय लावणारा सुतार त्या धंद्यात अडाणी ठरला असता. पुढे पेटीला जागा नसलेल्या सडपातळ चौकटींचा काळ आला तेव्हा वजनाचे काम स्प्रिंगेकडे गेले. धातूच्या एका बारीक नळीत लांब स्प्रिंग बसवलेली असते, तिच्यातून मळसूत्रासारखी पिळलेली एक सळई खाली येते, नळीचे वरचे टोक चौकटीस आणि सळईचे खालचे टोक तावदानास जोडलेले असते. तावदान खाली आले की सळई बाहेर ओढली जाते, तिच्या पिळामुळे आतली स्प्रिंग वळली जाते, आणि त्या वळण्यात साठलेला जोर तावदान वर नेताना परत मिळतो. या जोडणीस तिकडे बॅलन्स म्हणतात.

येथे एक अडचण उद्भवते आणि ती तात्त्विकदृष्ट्या मोठी मनोरंजक आहे. टांगलेले वजन वर असो वा खाली, त्याची ओढ सर्वकाळ सारखीच राहते. स्प्रिंगेचे तसे नाही. तिला जितके ताणावे तितका तिचा जोर वाढतो आणि सैल सोडावे तसा तो घटत जातो, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये अक्षरांची उलथापालथ करून गूढ रूपाने छापला आणि १६७८ मध्ये उघड केला. हाच हूक आगीनंतरच्या लंडनची मोजणी करणाऱ्या सर्वेक्षकांपैकी एक होता, तेव्हा शहराची घरे आणि स्प्रिंगेचा स्वभाव ही दोन्ही एकाच माणसाच्या वहीत कधी ना कधी शेजारी पडली असतील, अशी कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही. असो. तावदानाचे वजन स्थिर आणि स्प्रिंगेचा जोर अस्थिर, ही विसंगती कारागिरांनी सळईच्या पिळात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे अंतर ठेवून मिटवली, म्हणजे जेथे स्प्रिंग उतावळी तेथे पिळाने तिला आवरावे आणि जेथे ती थकते तेथे पिळाने तिला हात द्यावा. गीतेने ज्या समत्वाची महती गायिली आहे ते समत्व म्हणजे अंतःकरणात कसलाच जोर नसणे, असा एक समज आपल्याकडे सुखवस्तू वेदान्त्यांत फार बोकाळला आहे. ती नळी ज्याने एकदा हातात धरून पाहिली आहे त्याला हा समज टिकवता येणार नाही. कारण तावदान जेव्हा अगदी निश्चल असते तेव्हाही आत स्प्रिंग सर्व शक्तीनिशी वळलेली असते, आणि अजाण माणसाने सळई सोडली तर ती हातातून हिसडा मारून गरागरा फिरते.

उत्तर लंडनमध्ये ज्या घरात मी काही काळ भाड्याने राहत होतो तेथील खालचे तावदान मिटून राहत नसे. खाली दाबावे, कडी लावण्यापूर्वी हात काढावा, की ते बोटभर वर येई आणि तेवढ्या फटीतून जानेवारीचा वारा खोलीचा कब्जा घेई. घरमालकीण वयस्क, विधवा आणि हिशेबी होती. जुनी स्प्रिंग मोडली तेव्हा एका हरकाम्याने तिच्याच लांबीची, तिच्याच जाडीची आणि टोकाला तोच रंग असलेली नवी स्प्रिंग बसवून दिली होती. नमुना बरहुकूम असूनही खिडकी बिघडली कशी, हे त्या बाईस उमगत नव्हते. शेवटी एक जुना सुतार आला. त्याने काखेतून हत्यारांची पिशवी उतरवली, पण हत्यार काढण्याऐवजी बाईंकडे न्हाणीघरातला वजनकाटा मागितला.

नंतरचा प्रकार मी जवळ उभा राहून पाहिला. दोन तावदानांना अलग ठेवणारी बारीक पट्टी त्याने रंगाच्या थरांखालून अलगद सोडवली, खालचे तावदान चौकटीतून बाहेर काढले, ते भिंतीस टेकवून प्रथम तो एकटाच काट्यावर उभा राहिला आणि भिंतीवरच पेन्सिलीने एक आकडा लिहिला. मग तावदान दोन्ही हातांनी छातीशी धरून पुन्हा उभा राहिला, दुसरा आकडा मला वाचावयास सांगितला, आणि त्यातून पहिला वजा केला. जी बाकी उरली तिचे दोन भाग केले, कारण एका तावदानास दोन स्प्रिंगा असतात आणि प्रत्येकीने निम्मा भार घ्यावयाचा असतो. बाई म्हणाल्या, “अहो, पण जुनी स्प्रिंग तुमच्यासमोर आहे, तिच्यावर रंगही आहे!” त्याने उत्तर दिले ते मी आपल्या भाषेत सांगतो: “बाई, जुनी इथे आली तेव्हा ती तरी बरोबर होती, हे तुम्हाला कोणी सांगितले?” लांबी आणि जाडी यांवरून स्प्रिंग नळीच्या जागेत मावते की नाही एवढेच कळते, टोकाचा रंग ही ती किती भार पेलते याची कारखानदाराने लावलेली खूण असते, आणि एका कारखान्याचा संकेत दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. शिवाय मधल्या काळात कोणी काच बदलली असेल, रंगाचे थरावर थर चढले असतील. काचेचा हिशेब तर सरळ आहे: एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते, म्हणजे नव्वद सेंटिमीटर रुंद व पंचाहत्तर उंच अशी चार मिलिमीटर जाडीची काच पावणेसात किलो होते, आणि थंडीसाठी तिच्या जागी दुहेरी काच बसवली की नुसत्या काचेचेच साडेतेरा किलो होतात. चौकटीची लांबीरुंदी तीच, रंग तोच, खिडकीचे रूप तेच. फक्त जुनी स्प्रिंग आता निरुपयोगी.

अधिकारभेद म्हणून जो सिद्धान्त आपल्या परंपरेत आहे त्याचा मूळ आशय याहून निराळा नाही, असे माझे मत झाले आहे. सर्वांना एकच साधन मानवत नाही. ज्याच्या अंतःकरणावर जो भार आहे त्याच्या प्रमाणात त्याला साधन द्यावे. पतंजलींनी साधकांच्या तीव्रतेचे मृदू, मध्य आणि अधिमात्र असे वर्ग केले आहेत, त्यांत जातीचा गंधही नाही. सोण नावाच्या भिक्षूची पाली ग्रंथांतील कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते: चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी मुक्ती नाही म्हणून तो निराश झाला, आणि बुद्धांनी त्याला, पूर्वी तो वाजवीत असलेल्या वीणेच्या तारा अति ताणल्या वा अति सैल सोडल्या तर काय होई, असे विचारले. या कथेवरून मध्यममार्ग सर्वांसाठी आहे असे व्याख्यानांतून सांगण्यात येते. ते खोटे नव्हे, परंतु उतावीळपणाचे आहे. हा प्रश्न बुद्धांनी सोणाला विचारला, आणि सोण अति ताणलेला होता म्हणून विचारला. आळसाने पसरलेल्या भिक्षूस त्यांनी वीणेची गोष्ट सांगितली असती की काठी दाखवली असती, हे कोण सांगणार? आणि त्याच बुद्धांनी, आपण आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही, असे अखेरच्या काळात आनंदाला बजावले. प्रत्येकाला त्याचे त्याचे द्यावे आणि कोणापासूनही काही लपवू नये, ही दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात.

आपल्याकडे ती नांदली नाहीत. आणि कोठे बिनसले ते दाखवण्यासाठी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याइतका स्पष्ट दस्तऐवज दुसरा नाही. त्या भाष्याच्या पहिल्याच सूत्राखाली आचार्य विचारतात की ब्रह्मजिज्ञासेपूर्वी माणसाच्या ठिकाणी काय असावे लागते, आणि उत्तर देतात: नित्य काय व अनित्य काय याचा विवेक, इहपर भोगांविषयी वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मोक्षाची इच्छा. हे चारही माणसाला तोलून पाहिल्यावाचून कळणार नाहीत असे गुण आहेत. यात कुळाचा उल्लेख नाही. जगातील कोणत्याही तत्त्वज्ञाने विद्यार्थी निवडण्याची याहून निर्मळ कसोटी सांगितली असेल असे मला वाटत नाही. परंतु त्याच अध्यायाच्या तिसऱ्या पादात, ज्याला अपशूद्राधिकरण म्हणतात त्या प्रकरणात, तोच लेखक शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असे प्रतिपादतो, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील व लाख ओतण्याचे स्मृतिवचन आधारादाखल पुढे करतो. दोन प्रकरणांच्या दरम्यान तावदान काट्यावरून उतरवले गेले आहे आणि टोकाचा रंग वाचण्यात येऊ लागला आहे. आचार्यांसारख्या सूक्ष्म बुद्धीच्या पुरुषाला ही तफावत जाणवली नसेल असे म्हणणे कठीण. कारण तेथेच त्यांनी विदुर आणि धर्मव्याध यांची नावे घेऊन, पूर्वसंस्काराने ज्यांना ज्ञान झाले त्यांच्या फलाचा निषेध करता येत नाही, अशी कबुली दिली आहे. विदुराचे वजन काट्यावर भरले, हे त्यांना नाकारता आले नाही. मग त्यांनी काटा खरा मानून रंग खोटा ठरवावयाचा, तो रंग कायम ठेवून विदुराला पूर्वजन्माच्या खाती टाकले.

त्या सुताराने तावदान उचलण्यापूर्वी स्वतःचे वजन केले, ही गोष्ट मी त्या वेळी केवळ सोयीची युक्ती म्हणून पाहिली. काट्यावर तावदान उभे राहत नाही, कोणीतरी ते धरावे लागते. आणि धरणाऱ्याचा आकडा वजा केला नाही तर जे काही वाचले जाईल ते तावदानाचे वजन नव्हे. अधिकार ठरवणारा कोणी असतोच, तो गुरू असो, शाळेचा मास्तर असो वा धर्मसभा असो, आणि त्याचे स्वतःचे कुळ, त्याचा अभ्यास, त्याची वृत्ती, त्याच्या पोटापाण्याची सोय यांचा भार त्याच्या निर्णयात मिसळलेला असतो. तो भार आधी मोजून वजा करावा, असा दंडक घालून देणारे प्रकरण मला आपल्या धर्मग्रंथांत आढळलेले नाही. शिष्याच्या लक्षणांच्या याद्या मात्र पानोपानी आहेत. गुरूच्या लक्षणांच्याही याद्या आहेत, हे खरे, पण त्या शिष्याने गुरू पारखावा म्हणून आहेत, गुरूने स्वतःला वजा करावे म्हणून नव्हेत.

याच लंडनमध्ये, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात, विसाच्या दशकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते, आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. ते त्यांना मिळाले नाही व नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. त्या मुलाची बुद्धी तोलण्याची तसदी कोणी घेतली नव्हती; नाव वाचले आणि निकाल दिला. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर हस्तगत केले आणि ज्या ग्रंथांनी दार लावले होते त्या ग्रंथांचीच झडती घेतली. अधिकारभेद या कल्पनेवर त्यांच्या अनुयायांचा जो राग आहे तो या इतिहासातून आलेला आहे, आणि त्याच्यापुढे मान खाली घालण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही.

तरीही त्या रागातून जो निष्कर्ष कित्येक जण काढतात, की भेद म्हणून करूच नये, सर्वांना एक उपासना, एक शिस्त, एक पाठ्यपुस्तक द्यावे, तो मला मान्य होत नाही. सर्व खिडक्यांना एकच स्प्रिंग बसवण्याचा हुकूम निघाला तर काही तावदाने धाडकन खाली येतील, काही मिटणारच नाहीत, आणि ज्या थोड्यांना ती स्प्रिंग योगायोगाने जुळेल ती आपली समता जगाला दाखवीत फिरतील. शोकाने दबलेल्या माणसाला वैराग्याची पोथी वाचून दाखवणारे हितचिंतक आपण पाहतो. त्याच्यावर आधीच असलेल्या भारात ते आणखी भर घालतात. उलट ज्याच्या मनाला कसलेच वजन नाही अशा तरुणाला उग्र तपाची दीक्षा दिली की तो हलक्या तावदानाप्रमाणे वर उडतो आणि मग कोणालाच आवरत नाही. आपल्याकडील कित्येक महाराजांचा वृत्तान्त एवढाच आहे. भेद हवा. तो प्रत्येकाला चौकटीबाहेर काढून, हातात घेऊन, तोलून ठरवलेला हवा, आणि एकदा ठरवला म्हणून कायमचा मानलेला नसावा.

हे शेवटचे कलम सर्वांत अधिक मोडले गेले आहे. सुताराने नव्या स्प्रिंगा बसवल्यावर तावदान अर्ध्यावर नेऊन सोडून पाहिले, एका सळईस अर्धा वेढा अधिक दिला, पुन्हा सोडून पाहिले, आणि मग निघताना बाईंना सांगितले की पुढेमागे दुहेरी काच घालावयाची झाली तर आधी मला बोलवा, या स्प्रिंगा त्या दिवशी रद्द. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे. ज्यांनी ब्रह्मचर्यापासून संन्यासापर्यंत चार आश्रम कल्पिले त्यांना माणसाचे वजन वयाबरोबर बदलते आणि साधनही बदलावे लागते हे पुरते कळलेले होते. जाबालोपनिषदाने तर त्याही पुढे जाऊन, ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडावे, अशी मुभा दिली. वर्ण आणि आश्रम ही एकाच समासात जोडलेली दोन पदे आहेत, परंतु आश्रमात माणूस वारंवार तोलला जातो आणि वर्णात जन्मतःच एकदा, न तोलताच. आणि व्यवहारात वर्णाचा ताठरपणा आश्रमातही उतरला. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. मागे पत्नी आहे हे कळल्यावर त्यांच्या गुरूंनी त्यांना परत गृहस्थाश्रमात जाण्याची आज्ञा केली, असे परंपरा सांगते. गुरूंनी दिलेले साधन चुकले होते, ते ध्यानात येताच त्यांनी काढून घेतले आणि त्यांच्यापुरता तो मामला संपला. ब्रह्मवृंदाचा संपला नाही. एकदा संन्यासी तो संन्यासी, अशा न्यायाने त्यांनी त्या कुटुंबास वाळीत टाकले, मुलांची मुंज नाकारली. आणि त्या मुलांपैकी एकाने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास गीतेवरील आपली मराठी टीका पूर्ण करताना तिच्या अठराव्या अध्यायात, तीनच वर्णांच्या कानी लागणाऱ्या वेदाला कृपण म्हटले.